सेरामपूरचा धीर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर छापखाना चालवला आणि रविवारी मंडळीत उपदेशही केला. त्यांच्या हाताखाली जुळारी म्हणून तयार झालेली काही माणसे आज या सभागृहात बसलेली आहेत. त्यामुळे विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही. धंदा उभारताना किंवा पाचारणाचे काम उभारताना ख्रिस्ती माणसाने धीर कसा धरावा, याविषयी मी बोलणार आहे आणि त्यासाठी एका छापखान्याचा इतिहास आपल्यासमोर मांडणार आहे.

तो छापखाना होता कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या पश्चिम काठावरच्या सेरामपूर गावी. आपले त्याच्याशी जुने नाते आहे. १८०५ साली मराठी भाषेचे एक व्याकरण तिथे छापले गेले आणि त्याच वर्षी मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० साली मराठीचा कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापले होते. १८११ साली मराठी नवा करार आला आणि १८१४ साली सिंहासन बत्तिशी. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, पंडित वैजनाथ यांच्या मदतीने, मराठी अक्षरे धातूत ओतली जात होती. त्या कामाच्या केंद्रस्थानी विल्यम कॅरी होते.

कॅरींच्या चिकाटीचे गोडवे आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. मात्र ते ऐकताना एक गैरसमज आपल्या मनात पक्का बसतो. काही माणसे जन्मतःच चिवट असतात, देव त्यांना निवडतो आणि बाकीच्यांनी त्यांचे कौतुक करावे, असे आपल्याला वाटू लागते. सेरामपूरचा इतिहास मला वेगळेच सांगतो. ख्रिस्ती धीर हा एकट्याचा स्वभावगुण म्हणून फार काळ टिकत नाही. तो कामाच्या मांडणीत, हिशेबात, भागीदारीत आणि पुढच्या माणसाच्या हाती काम सोपवण्यात उतरवावा लागतो. हेच मला आज सांगायचे आहे.

चांभारकाम आणि निळीचा कारखाना

कॅरींचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातल्या एका खेड्यात झाला. वडील आधी विणकर, मग शाळामास्तर. उन्हात काम केले की मुलाच्या कातडीला त्रास होई, म्हणून त्याला जोडे शिवायला शिकायला ठेवले. ते काम करता करताच त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांचा अभ्यास चालवला. पुढे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले, तरी मानधन इतके तुटपुंजे की शाळा चालवणे आणि जोडे शिवणे सुटले नाही. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी मिशनरी संस्था स्थापन झाली, तेव्हा तेरा पौंडांहून थोडी अधिक रक्कम कबूल झाली. एवढ्या भांडवलावर पुढच्या वर्षी कॅरी कुटुंब डॅनिश जहाजाने निघाले आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

हाताशी आणलेले पैसे लवकरच संपले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. काही महिने सुंदरबनच्या दलदलीत काढल्यावर १७९४ साली माल्द्याकडे मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. कॅरींनी संस्थेला कळवले, की आता माझा निर्वाह होतो, माझ्यासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाला लावा. इंग्लंडातल्या काही हितचिंतकांना हे रुचले नाही. सुवार्तेसाठी गेलेला माणूस व्यापारात गुंतेल, अशी त्यांना भीती वाटली आणि त्यांनी तशी समजही दिली. कॅरी दुखावले. पगारातला बराचसा भाग मिशनच्याच कामाला जात होता.

हा वाद आजही आपल्या मंडळ्यांत चालतो. दुकान चालवणारा, गॅरेज चालवणारा, नर्सिंग ब्युरो चालवणारा ख्रिस्ती तरुण आपला धंदा पाचारणाबाहेरचा मानतो आणि मंडळीही तसेच मानते. प्रेषित पौलाचे उदाहरण इथे आठवावे. करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचे काम करत होता. त्यांचा धंदा एकच होता, म्हणून ते एकत्र आले आणि त्या कामाच्या सोबतीतूनच मंडळी वाढली. हाताचे काम पौलाला सुवार्तेच्या आड येणारे वाटले नाही. आपण कुणावर भार झालो नाही, हे तो आपल्या पत्रांतून अभिमानाने सांगतो.

निळीचा धंदा मात्र यशस्वी झाला नाही. पुराने आणि अवर्षणाने पिके गेली. १७९४ मध्येच पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारात दगावला. सात वर्षांत एकही बंगाली माणूस बाप्तिस्म्यासाठी पुढे आला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही वर्षे वाया गेलेली दिसतील. पण त्याच वर्षांत कॅरी बंगाली शिकले, संस्कृतला हात घातला, नव्या कराराचे भाषांतर करत नेले, शाळा सुरू केली आणि १७९८ साली एक लाकडी छापयंत्र मिळवले. फळ दिसत नसताना त्यांनी पुढच्या कामाची अवजारे जमवली. नुसते वाट पाहणे आणि धीर धरणे यांतला फरक मला इथे दिसतो.

एकच पेटी, एकच पंगत

खरा पालट जानेवारी १८०० मध्ये झाला. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे नवे सोबती कंपनीच्या हद्दीत उतरू शकले नाहीत, म्हणून डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपुरात थांबले होते. डॅनिश गव्हर्नरने त्यांना आसरा दिला. कॅरी माल्द्याकडचा मुक्काम सोडून तिथे आले.

कामाची वाटणी पाहा. वॉर्ड मुळात मुद्रक, वर्तमानपत्राचे संपादन केलेले. छापखाना त्यांच्याकडे. मार्शमन शाळामास्तर. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी हॅना मार्शमन यांनी निवासी शाळा काढल्या आणि त्या शाळांच्या फीवर मिशनचा मोठा खर्च निघू लागला. भाषांतर कॅरींकडे. १८०१ साली कॅरींना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवण्याची नोकरी लागली. सुरुवातीला पगार महिना पाचशे रुपये, पुढे १८०७ मध्ये हजार. तिथे ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. ही सारी कमाई एका पेटीत जाई. प्रत्येक कुटुंबाला बेताची रक्कम हातखर्चाला मिळे, जेवण एका पंगतीत होई आणि स्वतःच्या फायद्यासाठी वेगळा व्यवहार करायला मनाई होती. १८०५ साली त्यांनी हे सारे करारपत्रात लिहून काढले.

या पेटीबद्दल आपण सहसा त्यागाच्या भाषेत बोलतो. मी व्यवहाराच्या भाषेत बोलतो. धीराला महिन्याचा खर्च असतो. भाषांतराला दहा वर्षे लागणार असतील, तर त्या दहा वर्षांचे भाडे, धान्य आणि औषधपाणी कुणीतरी भागवलेच पाहिजे. छापखान्याचा महिना वाईट गेला की शाळेने सांभाळायचे, शाळेत मुले कमी आली की कॉलेजच्या पगाराने. एकटा माणूस, कितीही श्रद्धावान असला, तरी तिसऱ्या वाईट महिन्याला खचतो. तिघांची मिळकत एकत्र असल्यामुळे कुणावरही घाईघाईने निकाल दाखवण्याची वेळ आली नाही.

आणि ही भागीदारी गोऱ्या तिघांपुरती नव्हती. पंचानन कर्मकार नावाचे बंगाली कारागीर १८०० साली छापखान्यात आले. चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली ते बंगाली अक्षरांचे ठसे कोरण्याची विद्या शिकले होते. देवनागरीचे खिळे करायला त्यांनी घेतले. आपली लिपी या कामाला अवघड. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरली, तर शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. प्रत्येक अक्षर आधी पोलादाच्या टोकावर उलटे कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि मग त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा. काम अर्धे झाले असताना पंचानन वारले. तरी काम थांबले नाही, कारण त्यांनी आपले जावई मनोहर यांना तयार केले होते. मनोहर यांनी देवनागरी पुरी केली आणि पुढे कित्येक वर्षे अनेक लिप्यांचे ठसे कोरले. मनोहर अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ज्या हातांनी ख्रिस्ताचे शुभवर्तमान अक्षरात आणले, त्यांत हे हात पहिले होते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

बंगाली नवा करार १८०१ मध्ये छापून झाला. त्याच्या थोडे आधी, २८ डिसेंबर १८०० रोजी, कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांतले हे पहिले फळ. त्यांच्याशी ओळख झाली ती खांदा निखळला असताना डॉक्टर थॉमस यांनी तो बसवून दिल्यामुळे. थॉमस हे कॅरींबरोबर आलेले पहिले सहकारी. प्रवचनांनी जे झाले नाही, ते एका माणसाने आपले शिकलेले काम नीट केल्याने झाले.

१८१२ ची आग

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी कागदाच्या कोठारातून धूर येऊ लागला. वॉर्ड छापखान्यातच होते. दारे-खिडक्या बंद ठेवून छपरातून पाणी ओतत आग दाबून धरायचा त्यांनी प्रयत्न केला. पण कुणीतरी खिडक्या उघडल्या, वारा आत शिरला आणि मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. कागद गेला, चौदा पौर्वात्य भाषांचे खिळे वितळले आणि हस्तलिखिते जळाली. कॅरी अनेक भारतीय भाषांचा मिळून एक मोठा कोश करत होते. त्याची राख झाली. रामायणाच्या भाषांतराचाही बराच भाग गेला. कॅरी त्या रात्री कलकत्त्यात होते. सकाळी मार्शमन यांनी जाऊन बातमी सांगितली.

यानंतर जे घडले ते धीराच्या अभ्यासात सर्वांत मोलाचे आहे. छापयंत्रे वेगळ्या भागात होती, ती वाचली. राखेचा ढीग उपसताना पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळलेले शिसेही गोळा करता आले. शेजारीच एक कोठार रिकामे होते, तिथे ओतकाम सुरू झाले. पाळ्या लावून रात्रंदिवस खिळे पाडले गेले आणि काही महिन्यांत एकामागून एक भाषांची छपाई पुन्हा सुरू झाली. इंग्लंडात बातमी पोहोचल्यावर नुकसान भरून येईल एवढा निधी काही आठवड्यांत जमला.

खिळे जळाले तरी ठसे वाचले, म्हणून छापखाना उभा राहिला. पंचानन आणि मनोहर यांनी वर्षानुवर्षे कोरलेले ठसे नसते, तर निधी कितीही आला असता तरी पुन्हा दहा वर्षे लागली असती. आपल्या धंद्यातही माल, जागा, यंत्रे, गिऱ्हाईक हे सारे एखाद्या रात्रीत जाऊ शकते. २०२० च्या टाळेबंदीत आपल्यातल्या अनेकांनी हे पाहिले. हाताचे कसब, माणसांचा विश्वास आणि शिकवलेला पुढचा माणूस मागे उरतो. धीर धरून घडवायचे ते हे. कॅरींनी जळालेली भाषांतरे पुन्हा हाती घेतली. दुसऱ्यांदा चाललेली वाट पहिल्यापेक्षा सोपी आणि खात्रीची असते, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. तरी तो मोठा कोश पुन्हा झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. देव प्रत्येक जळालेली गोष्ट परत देतोच असे नाही.

डॉरथीचा हिशेब

आता एका दुःखद भागाकडे वळतो. तो वगळला तर हे व्याख्यान खोटे ठरेल.

कॅरींच्या पत्नी डॉरथी यांचे १७८१ मध्ये लग्न झाले तेव्हा त्यांना सहीदेखील करता येत नव्हती. हिंदुस्थानात यायला त्यांनी आधी नकार दिला होता. शेवटच्या घटकेला, कडेवर काही आठवड्यांचे बाळ असताना, बहीण सोबत येईल या अटीवर त्या तयार झाल्या. पहिल्याच वर्षी त्यांचा पीटर गेला. १७९५ पासून त्यांचे मन बिघडले. संशयाने त्यांना पछाडले आणि पुढे त्यांना खोलीत कोंडून ठेवावे लागले. बारा वर्षे असे चालले. १८०७ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्या सगळ्या काळात शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करत असत. मुले मोकाट वाढत होती. त्यांना वळण लावले हॅना मार्शमन आणि वॉर्ड यांनी.

मनाच्या आजारावर त्या काळी उपचार नव्हते आणि कॅरींनी पत्नीला सोडले नाही, हे खरे. तरीही मला असे ठामपणे म्हणायचे आहे, की डॉरथीचे दुःख ही कॅरींच्या चिकाटीची पार्श्वभूमी नव्हे. ती त्या कामाची किंमत होती आणि ती भरली एका अशा बाईने, जिने ते काम निवडले नव्हते. आपल्याकडेही नवऱ्याच्या धंद्याच्या किंवा सेवेच्या पहिल्या दहा वर्षांचा भार बहुतेक वेळा पत्नीच्या दागिन्यांवर, नोकरीवर आणि तब्येतीवर पडतो. सत्कारात शाल मात्र नवऱ्याच्या खांद्यावर पडते. ज्या चिकाटीला घरातल्या माणसाचा होकार नाही, तिला ख्रिस्ती म्हणण्याआधी थांबून विचार करणे आवश्यक आहे. प्रभूने वधस्तंभ स्वतः उचलला. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून आपण मागून चालू शकत नाही.

पीक कुणाचे?

पौलाने करिंथकरांना लिहिताना कामाची वाटणी समजावून सांगितली आहे. एक माणूस लावतो, दुसरा पाणी घालतो आणि वाढ देव देतो. आपल्या मातीत फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याची थोर शिकवण आहे आणि मराठी ख्रिस्ती माणूस तिच्याच सावलीत वाढलेला असतो. ख्रिस्ती धीर तिच्या शेजारी बसतो, पण त्याचा आधार थोडा वेगळा आहे. ख्रिस्ती माणूस फळाची आशा सोडत नाही. फळ येणारच असा त्याचा विश्वास असतो. ते आपल्याच हयातीत आणि आपल्याच नावावर यावे, एवढा हट्ट तो सोडतो.

सेरामपूरच्या मराठी नव्या कराराचे काय झाले ते पाहा. कोकणात आणि देशावर त्याची भाषा लोकांना आपली वाटली नाही. त्यात नागपूरकडच्या बोलीचा रंग होता आणि भाषांतर दूर बंगालमध्ये बसून झालेले. १८१३ साली मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने सुरुवात केली. कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. अर्ज-विनंत्या करत ते राहिले. मागाहून त्यांना येऊन मिळालेले सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये वारले. मुंबईचा मराठी नवा करार १८२६ मध्ये आला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये हॉल दौऱ्यावर असताना पटकीने वारले. तेही भाषांतर पुढे अनेकदा सुधारले गेले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून पुन्हा मुळापासून भाषांतर केले. मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया आणि मुली खिळे जुळवत. नवा करार १९१३ मध्ये आला. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

म्हणजे १८११ चे काम टाकून दिले गेले का? ते वापरातून गेले, हे खरे. पण मराठीत हे करता येते, हे त्याने दाखवून दिले होते. कॅरी स्वतः आपल्या भाषांतराला अखेरचे मानत नव्हते. त्यांच्या हयातीत बंगाली नव्या कराराच्या आठ आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो पुन्हा तपासला. आपल्या कामात दुरुस्ती करू देणे, प्रसंगी ते बदलले जाऊ देणे, ही धीराची सर्वांत अवघड परीक्षा आहे. वीस वर्षे दुकान चालवलेल्या बापाला मुलाने मांडणी बदलली की जे वाटते, त्या जागी ही परीक्षा होते.

शेवटची वर्षे सोपी नव्हती. १८२३ मध्ये वॉर्ड गेले आणि त्याच वर्षीच्या पुरात कॅरींची जिवापाड जपलेली बाग वाहून गेली. इंग्लंडच्या संस्थेशी मतभेद वाढत जाऊन १८२७ मध्ये ताटातूट झाली. १८३० पासून कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि मिशनच्या ठेवीही त्यांच्याबरोबर गेल्या. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारले, तेव्हा हाती शिल्लक अशी नव्हती. पण १८१८ मध्ये त्यांनी सेरामपुरात काढलेल्या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली होती. त्या सनदेखालची ईश्वरविद्येची पहिली पदवी १९१५ मध्ये दिली गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. महाराष्ट्रातल्या अनेक पाळकांचे शिक्षण आज त्याच परंपरेतून होते.

आपल्यासाठी

आपल्या मंडळ्यांमध्ये हातात कसब असलेले तरुण आहेत. कुणी फॅब्रिकेशनचे शेड टाकले आहे, कुणी बेकरी काढली आहे, कुणी खेड्यात दवाखाना थाटून बसला आहे, कुणी मुलींसाठी शिवणवर्ग चालवते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांची दमछाक होते. तेव्हा आपण त्यांना सांगतो, प्रार्थना करा, धीर धरा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे.

सेरामपुरात धीर धरा असे सांगणारे आणि धीर धरणारे एकाच पंगतीत जेवत होते. पगार, फी आणि छपाईचे उत्पन्न एकाच पेटीत होते, म्हणून तिथला धीर तग धरून राहिला. आपण सारी मिळकत एकत्र करावी, असे मी सुचवत नाही. पण प्रत्येक मंडळीला बिनव्याजी कर्जाचा एक लहान निधी ठेवता येईल. निवृत्त हिशेबनीस महिन्यातून एक संध्याकाळ तरुणांच्या वह्या तपासू शकतील. जुना कारागीर एक उमेदवार हाताखाली घेऊ शकेल. पाळकांनी घरी भेट दिली, तर धंदा कसा चालला हे विचारण्याआधी घरातली बाई कशी आहे हे विचारावे. आणि धंदा चालणार नाही हे स्पष्ट झाले, तर तो बंद करणाऱ्याला कमी श्रद्धेचा म्हणू नये. कॅरींनीही निळीचा कारखाना सोडला, म्हणूनच सेरामपूर उभे राहिले.

धीर हे आत्म्याचे फळ आहे, असे आपण मानतो. फळ झाडाला लागते आणि झाडाला जमीन लागते. ती जमीन होण्याचे काम मंडळीचे आहे. ज्याने दुसऱ्याला धीर धरायला सांगितले, त्याने त्या धीराच्या खर्चातला आपला वाटा उचलावा. एवढे केले तर सेरामपूरचे उपकार आपण फेडायला सुरुवात केली, असे म्हणता येईल.